बँकेला ‘तो मीच’ हे कसं पटवायचं

२०२४च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या बँकांबाहेर बायकांच्या रांगा लागल्या होत्या. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये स्वतःच्या नावावरच्या आणि आधारशी जोडलेल्या खात्यातच येणार होते, आणि २१ ते ६५ वयोगटातल्या कितीतरी जणींचं असं खातंच नव्हतं. रांगेतून हात हलवत परतणाऱ्या बायकांकडे कागद नव्हते असं नाही. पिशवी भरून कागद होते. पण एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर आडनावच नाही.

काउंटरवरचा माणूस ‘कागद अपुरे आहेत’ एवढंच म्हणतो, आणि आपण आणखी कागद गोळा करायला धावतो. तिथंच फसायला होतं. बँक मुळात तीन वेगळे प्रश्न विचारत असते: आपण कोण, राहता कुठे, आणि या सगळ्या कागदांवरचा माणूस एकच आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेकांकडे असतात. अडतं ते तिसऱ्यावर, आणि तिथे नवा कागद वाढवल्याने गुंता सुटण्याऐवजी वाढतोच.

या तपासणीला ‘केवायसी’ म्हणतात, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून घेणं. बँकेची ही स्वतःची हौस नाही. काळा पैसा फिरवण्याला आळा घालणारा २००२चा कायदा, त्याखालचे २००५चे नियम आणि रिझर्व्ह बँकेचे केवायसी निर्देश यांतून ती आली आहे. निर्देशांत वरचेवर दुरुस्त्या होतात. पण पाया तोच आहे, आणि तो कळला की काउंटरवर काय बोलायचं ते आपोआप कळतं.

कोणता कागद चालतो

ओळखीसाठी फक्त सहा कागद अधिकृत धरले जातात: पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉबकार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. यांपैकी एक पुरतो. सहाही न्यायची गरज नाही.

आता या यादीत काय नाही ते बघा. रेशनकार्ड नाही. शाळा सोडल्याचा दाखला नाही. सरपंचाचा किंवा नगरसेवकाचा दाखला नाही, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखलाही नाही. आपल्याकडे घरातला सगळ्यात जपून ठेवलेला कागद बहुधा रेशनकार्ड असतो, त्यामुळे ते चालत नाही हे ऐकून लोकांना धक्का बसतो. इतर सरकारी कामांत ते उपयोगी पडतं. बँकेत स्वतंत्र ओळख म्हणून नाही.

पॅनकार्डही या सहांत नाही. त्यावर फोटो आहे, सही आहे, पण पत्ता नाही. पॅन बँकेला करासाठी हवा असतो, म्हणजे तो ओळखीच्या कागदाच्या जोडीला द्यायचा, त्याच्या जागी नाही. ज्याच्याकडे पॅन नाही त्याने ‘फॉर्म ६०’ या नावाने आजवर ओळखला गेलेला जाहीरनामा भरून द्यायचा. पॅन नाही एवढ्यावरून खातं अडू नये. शेतमजूर, गृहिणी, विद्यार्थी अशा अनेकांना ‘आधी पॅन काढून आणा’ म्हणून परत पाठवलं जातं. अशा वेळी शांतपणे त्या जाहीरनाम्याचं नाव घ्यावं.

आणि आधारचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. २०१९च्या कायदा दुरुस्तीनंतर आधार स्वखुशीने देता येतं. आधार क्रमांक नाही म्हणून बँकेला सेवा नाकारता येत नाही. इतर पाचांपैकी कोणताही कागद द्या. मात्र सरकारी अनुदान थेट खात्यात हवं असेल, तर आधारने ओळख पटवावीच लागते. लाडक्या बहिणींना म्हणूनच पर्याय नव्हता.

घरी बसून करायचं काम

बँकेत जाण्याआधी जे कागद दाखवणार आहात ते सगळे ओळीने समोर मांडा आणि कोऱ्या कागदावर तीन गोष्टी उतरवून काढा: इंग्रजीतलं नाव (अक्षर न अक्षर), जन्मतारीख आणि पत्ता. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि बँकेच्या निम्म्या चकरा वाचवतं.

नाव इंग्रजीतलंच का? कारण बँकेचा संगणक इंग्रजी स्पेलिंग जुळवतो. पॅन दिला की बँक तो देणाऱ्या यंत्रणेकडून ताडून बघते, आणि तिथे मराठीत नाव बरोबर असून उपयोग नसतो. ज्ञानेश्वर हे नाव आपण इंग्रजीत डी-एन-वायने सुरू करतो. पण आधार केंद्रावरच्या यंत्रात ते कधी जी-वायने पडलेलं असतं. शिंदे, पवार, वैशाली यांत एखादा जास्तीचा ‘ए’ किंवा ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’ शिरतो. अशा एखाद्या अक्षराचा फरक समजूतदार अधिकारी जाहीरनामा घेऊन सोडून देतो. संगणक सोडत नाही.

दुसरा घोळ आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीचा. शाळेच्या कागदांवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी, आणि पासपोर्टात आडनावाचा रकानाच वेगळा. मधलं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे नाहीच. बाई आणि राव हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. घरात सखू, मतदार यादीत सखूबाई, जॉबकार्डावर सखू बाई असं तोडून. यंत्राच्या लेखी या तीन वेगळ्या बायका.

यात आता नवी भर पडली आहे. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. निर्णय चांगलाच आहे. पण बँकांच्या फॉर्मवर अजून पहिलं, मधलं आणि शेवटचं असे तीनच रकाने असतात. बाळाचं आधार काढताना जन्मदाखल्यावरचाच क्रम ठेवा, म्हणजे पुढची कटकट वाचेल.

तिसरा घोळ तारखेचा, आणि तो खास आपल्याकडचा. पूर्वी पोराला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली, तर गुरुजी सरळ १ जून लावून टाकत, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. याच माणसांनी आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं असेल, तर तिथे १ जानेवारी पडली. पॅनसाठी एजंटाने तिसरीच तारीख टाकलेली. अशा माणसाचा पॅन आणि आधार एकमेकांशी जुळत नाहीत, आणि बँकेत नेमकं तेच अडतं.

लग्नानंतरचं नाव

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, टाळ्या पडतात. कागदावर मात्र त्याने काहीच बदलत नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कोणताही कायदा सांगत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की, सगळे कागद माहेरच्या नावावर असतील आणि ते एकमेकांशी जुळत असतील, तर खातं बिनदिक्कत त्याच नावाने उघडावं. सासरच्यांना वाईट वाटेल म्हणून अर्धे कागद बदलायचे आणि अर्धे तसेच ठेवायचे, यात नुकसान आपलंच.

नाव बदलायचंच असेल, किंवा अर्धं बदलून झालंच असेल, तर नियम आपल्या बाजूने आहे. ओळखीचा कागद जुन्या नावाचा असला, तरी त्यासोबत राज्य शासनाचं विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याची राजपत्रातली जाहिरात जोडली, की तो कागद ग्राह्य धरायचा, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. म्हणजे जुन्या नावाचं मतदार ओळखपत्र आणि विवाह प्रमाणपत्र मिळून काम होतं. राजपत्र म्हणजे गॅझेट. महाराष्ट्रात त्यासाठीचा अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो.

इथे घोटाळा होतो तो लग्नपत्रिकेमुळे. पत्रिका, लग्नाचा फोटो, मंगल कार्यालयाची पावती, देवस्थानाने दिलेलं प्रमाणपत्र, यांतलं काहीही विवाह प्रमाणपत्र नव्हे. ते विवाह निबंधक देतो. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या कार्यालयात. लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते, फक्त उशिराचं शुल्क पडतं. साक्षीदार लागतात, तेव्हा लग्नाला हजर असलेली, हिंडती-फिरती माणसं आधीच सांगून ठेवा.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी विवाह प्रमाणपत्र, मग त्यावरून आधार, मग आधारवरून पॅन, आणि शेवटी बँक. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक ठिकाणी ‘आधी ते करून या’ असं ऐकू येतं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रावरच्या पडद्यावर स्पेलिंग स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारा नातू सोबत न्या. ऑक्टोबर २०२५पासून नाव-पत्त्यासारख्या दुरुस्तीला ७५ रुपये आणि बोटांचे ठसे-डोळे अद्ययावत करायला १२५ रुपये शुल्क आहे. त्याहून जास्त मागितले तर पावती मागा.

जन्मतारखेच्या दुरुस्तीला मात्र जन्मदाखल्यासारखा भक्कम पुरावा लागतो, आणि तो जुन्या माणसांकडे नसतो. अशा वेळी मी सांगेन की आधारच्या वाटेला जाऊ नका. आधारवर जी तारीख आहे तीच खरी मानून पॅनवरची तारीख तिच्याशी जुळवून घ्या. साठीच्या माणसाला खरा वाढदिवस कोणता हे शोधण्यापेक्षा सगळीकडे एकच असणं जास्त उपयोगाचं.

पत्ता गावचा, खोली शहरात

लातूरहून भोसरीला किंवा कोकणातून नालासोपाऱ्याला आलेल्या माणसाचं आधार गावच्या पत्त्याचं असतं. शाखेत सांगितलं जातं की ‘इथला पत्ता आणा’. इथे नियम काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण तो काउंटरवरच्या सवयीपेक्षा बराच सैल आहे.

बँकेने आधारने आपली ई-केवायसी केली, म्हणजे बोट किंवा चेहरा लावून ओळख थेट आधारच्या यंत्रणेतून पडताळली, आणि आपला सध्याचा पत्ता त्याहून वेगळा असेल, तर आपण तो स्वतःच्या सहीने लिहून द्यायचा. याला स्वयंघोषणा म्हणतात. त्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही. ही सवलत अनेक कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसते. पत्ता मात्र खरा लिहा. बँक तिथे पत्र किंवा चेकबुक पाठवून खातरजमा करू शकते, आणि ‘या पत्त्यावर कोणी राहत नाही’ असा शेरा मारून टपाल परत गेलं की खात्याच्या अडचणी सुरू होतात.

आधार न देता दुसरा कागद दिला आणि त्यावर पत्ता जुना असेल, तर तात्पुरता पुरावा चालतो: वीज, टेलिफोन, पोस्टपेड मोबाइल, पाइपचा गॅस किंवा पाणी यांचं दोन महिन्यांच्या आतलं बिल, घरपट्टीची पावती, सरकारी निवृत्तिवेतनाचा पत्ता असलेला आदेश, किंवा सरकारी खातं, बँक, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी अशा मालकाने दिलेल्या घराचं वाटपपत्र. हा पुरावा दिला की तीन महिन्यांत नव्या पत्त्याचा मूळ ओळखीचा कागद आणून द्यायचा. हे तीन महिने लोक विसरतात.

या यादीत साधा भाडेकरार नाही. घरमालकाशी केलेला अकरा महिन्यांचा करार घेऊन माणूस जातो आणि नकार ऐकून चिडतो. पण तोच करार रीतसर नोंदवलेला असेल तर दुसऱ्या वाटेने कामी येतो: त्यावरून आधारवरचा पत्ता बदलून घ्या आणि ते आधार बँकेत द्या. महाराष्ट्रात असा करार नोंदवणं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारकच आहे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे.

सुनेचा किंवा मुलाचा पत्ता बदलायला घरात कोणाच्याच नावाचं बिल नसेल, तर आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय २०२३पासून आहे. घरातल्या एकाचं आधार त्या पत्त्यावर असलं आणि त्याने ऑनलाइन होकार दिला की बाकीच्यांचं होतं. फक्त नातं दाखवणारा कागद लागतो, आणि इथे आपलं रेशनकार्ड शेवटी कामाला येतं.

काउंटरवर

मूळ कागद आणि त्यांच्या झेरॉक्स, दोन्ही न्या. झेरॉक्सवर आपण सही करायची. बँकेचा माणूस मूळ प्रत समोर ठेवून ती ताडून बघतो आणि तशी नोंद करतो. नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे शिक्के त्यासाठी लागत नाहीत, तेव्हा बाहेरच्या टपरीवाल्याला त्याचे पैसे देऊ नका. मूळ कागद बँकेत ठेवून घेण्याचंही काही कारण नाही.

आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे पेनाने झाकून टाका, किंवा आधारच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत काढा. जिथे ई-केवायसी करायची नाही तिथे आकडे झाकलेले असावेत हे बघणं बँकेचंच काम आहे. झेरॉक्सवर ‘अमुक बँकेत खाते उघडण्यासाठी’ आणि तारीख लिहून सही केली तर ती दुसरीकडे वापरली जायची भीती कमी होते. ही सवय नियमातली नाही, पण फार चांगली आहे.

सही येत नसेल तर अंगठा चालतो. सही करणाऱ्यांनी मात्र पॅनवर आहे तशीच करावी.

बँकमित्राकडे, म्हणजे गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात, खातं उघडत असाल तर एक सावधगिरी. तिथलं बोटाचं यंत्र ओळख पटवायलाही वापरतात आणि पैसे काढायलाही. ‘पहिल्यांदा लागलं नाही, परत ठेवा’ असं कोणी म्हणालं तर पडद्यावर काय आलं ते दाखवायला सांगा. दुसरं एखादं खातं आधारशी जोडलेलं असेल, तर त्यातले पैसे अशा एका बोटात जाऊ शकतात.

आणि हो, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेत ओळखीने पटकन खातं उघडतं, पण तिथल्या ठेवींना बँकांसारखं ठेव विम्याचं संरक्षण नाही आणि सरकारी अनुदानही तिथे जमा होत नाही. पोस्टाची पेमेंट्स बँक मात्र चालते; २०१८मध्ये सुरू झालेल्या या बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊनही उघडून देतो, फक्त त्यात दिवसअखेर दोन लाखांपर्यंतच शिल्लक ठेवता येते.

बोट लागत नाही तेव्हा

ऊसतोडणी, विडी, वीटभट्टी, धुणीभांडी, मासळी सोलणं. हातावर पोट असलेल्या माणसांचे बोटांचे ठसेच झिजतात. वयानेही झिजतात. यंत्र लाल दिवा दाखवतं आणि ‘आजी, तुमचं आधार चालत नाही’ असं सांगून परत पाठवलं जातं. आधार चालत असतं. बोट चालत नसतं.

पहिला उपाय साधा आहे: हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटांनी प्रयत्न करा. अंगठाच लागला पाहिजे असं नाही. मग बुबुळ किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय शाखेत आहे का विचारा.

तेही जमलं नाही तर नियमात पुढची वाट आखून दिली आहे. इजा, आजार, अशक्तपणा किंवा वार्धक्य यांमुळे बोटांनी ओळख पटत नसेल, तर आधारवरचा चौकोनी क्यूआर कोड वाचून ऑफलाइन पडताळणी करायची, किंवा दुसरा अधिकृत कागद घेऊन खातं उघडायचं. ही पडताळणी बँकेच्या अधिकाऱ्यानेच करायची असते, बँकमित्राने नाही. म्हणून अशा वेळी केंद्रावर वेळ न घालवता थेट शाखेत जा.

मोबाइलवरून खातं

आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक आकडा, टाकून पाच मिनिटांत खातं उघडतं. जाहिरातीत एवढंच सांगतात. अशा खात्यात एकूण शिल्लक एक लाखापर्यंत आणि वर्षभरात दोन लाखांपर्यंतच जमा चालते, आणि एका वर्षात पूर्ण केवायसी केली नाही तर खातं बंद होतं. पगार किंवा पीकविक्रीचे पैसे अशा खात्यात मागवून अडकलेले लोक पुष्कळ आहेत. जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला असेल तर इथे सुरुवातच होत नाही. आधी आधार केंद्रावर नंबर बदला.

त्याहून पक्की वाट व्हिडिओ केवायसीची, जी जानेवारी २०२०पासून आहे. बँकेचा अधिकारी व्हिडिओवर प्रत्यक्ष बोलतो, प्रश्न विचारतो, पॅन कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो. हे खातं शाखेत जाऊन उघडल्यासारखंच पूर्ण धरलं जातं. आपण भारतात असणं आवश्यक आहे; परदेशातल्या मुलाला ही वाट नाही. तोंडावर उजेड, मागे खिडकी नको, पॅन प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलेला. शेजारी उभं राहून कोणी उत्तरं सुचवू नयेत. कोणीतरी पढवतंय असं वाटलं की अधिकारी कॉल बंद करतो.

जिवंत माणूस समोर आहे हे तपासायला अनेक ठिकाणी डोळे मिचकवायला सांगतात. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना हे जमणारच नाही, आणि त्यामुळे खातं नाकारल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनेही ही तपासणी विशेष गरजा असलेल्या व्यक्तींना बाहेर ठेवणारी नसावी असं स्पष्ट केलं. अंध, अंथरुणाला खिळलेल्या किंवा चेहऱ्याला इजा झालेल्या माणसाच्या घरच्यांनी हा निकाल तारखेसह लिहून ठेवावा.

एकही कागद नाही

पुरात वाहून गेले, घर जळलं, पालावरचं जगणं आहे, किंवा कधी काढलेच नाहीत. तरीही खातं उघडता येतं, आणि ही गोष्ट बँकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली मी तरी पाहिली नाही.

याला ‘छोटं खातं’ म्हणतात. स्वतःचा फोटो, त्यावर सही किंवा अंगठा, आणि तो आपण अधिकाऱ्यासमोर दिला असं त्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. एवढ्यावर ते उघडतं. मर्यादा अशा: कोणत्याही वेळी शिल्लक ५० हजारांपेक्षा जास्त नाही, आर्थिक वर्षात जमा एक लाखापेक्षा जास्त नाही, आणि महिन्याला काढणं व पाठवणं मिळून दहा हजारांपेक्षा जास्त नाही. परदेशातून आलेले पैसे त्यात घेता येत नाहीत.

हे खातं बारा महिने चालतं. त्या काळात अधिकृत ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने मिळतात. म्हणून खातं उघडल्याच्या आठवड्यातच मतदार नोंदणीचा किंवा आधारचा अर्ज करून पोचपावती पासबुकात ठेवा. आधारची पहिली नोंदणी मोफत असते. शून्य शिलकीचं जनधन खातं वेगळं, ते किमान शिलकीच्या अटीतून सूट देतं. हे छोटं खातं कागदांतून सूट देतं. काउंटरवर दोन्हींची गल्लत होते, तेव्हा आपल्याला कोणतं हवं ते नाव घेऊन सांगा.

तरी नाही म्हणाले तर

आवाज चढवण्यापेक्षा ‘कोणत्या कारणाने, ते लिहून द्या’ असं म्हणा. २०२५च्या दुरुस्तीनुसार केवायसीचा अर्ज विचार न करता फेटाळायचा नाही आणि फेटाळल्याचं कारण अधिकाऱ्याने नोंदवायचं, असा नियम आहे. बहुतेक वेळा लिहून मागितलं की शाखाधिकारी स्वतः कागद हातात घेतात, आणि पुष्कळदा तिथेच मिटतं.

नाही मिटलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर करता येते किंवा चंदीगडच्या कार्यालयाला साध्या टपालानेही पाठवता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. कशी करायची ते १४४४८ या क्रमांकावर सांगतात. मात्र बँकेकडे आधी लेखी न मागता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते.

खातं उघडल्यावर

पासबुक हातात आलं की बँक आपली माहिती केंद्रीय केवायसी नोंदणीत पाठवते आणि आपल्याला चौदा आकडी क्रमांक मिळतो. पुढच्या बँकेत तो दिला की कागद पुन्हा द्यावे लागू नयेत. यातला फटका असा की जुनी चूकही सोबत येते. काही वर्षांपूर्वी माहेरच्या नावाने उघडून विसरलेलं खातं असेल, तर नव्या बँकेच्या पडद्यावर तेच नाव येऊन उभं राहतं. नाव बदललं असेल तर तिथेही दुरुस्त करून घ्या.

शेवटची गल्लत लाडक्या बहिणींच्या रांगेत सर्वांत जास्त झाली. आधार देऊन खातं उघडणं आणि खातं अनुदानासाठी आधारशी जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी वेगळा संमतीचा फॉर्म असतो. एका आधारला अनुदानासाठी एका वेळी एकच बँक जोडलेली राहते, आणि जी सर्वांत शेवटी जोडली तिथेच पैसे जातात. नवं खातं उघडूनही पैसे दिसत नसतील तर आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते बघा. अनेकींचे पैसे कधीकाळी गॅसच्या अनुदानासाठी उघडलेल्या जुन्या खात्यात जमा होत होते. ते पासबुक भरून आणलं की सापडले.